क्लॅरोनेटवाल्याचे दात

वरातीत नाचणाऱ्या माणसाइतका निर्लज्ज प्राणी मी पाहिला नाही. जळगावच्या एका बँडमध्ये अर्धं आयुष्य क्लॅरोनेट वाजवण्यात गेलं, तेव्हा हे काही ऐकीव सांगत नाही. वैशाखाच्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट घालून आम्ही उभे, आणि समोर पाव्हणे मंडळी धुळीत लोळतायत. संपली धून की पुन्हा तीच. बँडवाल्याला तहान लागते, त्याचे ओठ सुजतात, हे कुणाच्या गावीही नसतं. पंगती उठल्या, खरकटं निघालं, की मग कुणाला तरी आठवण येणार, "अरे, बँडवाले जेवले का?" तेही मांडवाच्या मागे, वेगळे. आम्ही बौद्ध, बँडमधले निम्मे लोक आमच्याच वस्तीतले. आमचं पान पंगतीत का मांडत नाहीत ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं आणि आम्हीही विचारत नव्हतो. सूर मात्र आमचाच हवा असायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. असोद्याला वरात होती. नवरदेवाचा मामा दुपारपासूनच पिऊन टाइट. त्याला नागिणीची धून पाहिजे होती. मी वाजवली. तो रुमालाचं टोक दातात धरून माझ्यापुढे गुडघ्यांवर डोलायला लागला. मी थांबलो की ओरडायचा, "वाजव नं भो, थांबला काहून?" केळीच्या पैशाचा माज, दुसरं काय. मी पुन्हा सुरू केलं आणि हा गडी एकदम ताडकन उभा राहिला. त्याचं टाळकं खालून क्लॅरोनेटवर आदळलं आणि वाद्याची तोंडात धरायची चोच माझ्या वरच्या दातांत घुसली.

समोरचे दोन्ही दात गेले. एक मुळासकट बाहेर आला, दुसरा अर्धा तुटला आणि नंतर जळगावला तोही काढावा लागला. कोटावर रक्त, हातावर रक्त. नवरदेवाचा बाप धावत आला. मला वाटलं, पाणी आणतोय. तो आमच्या मालकाला म्हणाला, "नाना, बँड बंद नका करू, लग्नघटका चुकेल." आणि बँड बंद झाला नाही. दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्यानं धून उचलली आणि वरात पुढे गेली. मी एका ओट्यावर बसून तोंडात हळद धरली. तो मामा परत फिरकला नाही. लग्नात असं चालायचंच, म्हणाले सगळे. चालायचंच! त्याचे पाडले असते दोन, म्हणजे कळलं असतं काय चालतं ते.

क्लॅरोनेटवाल्याचे समोरचे दात म्हणजे काय, हे ज्यानं वाजवलं नाही त्याला सांगावं लागतं. खालचा ओठ आत घेऊन त्यावर चोचीची वेताची पत्ती टेकवायची, आणि वरचे दोन दात थेट चोचीवर. सगळा दाब त्या दोन दातांचा. जरा जास्त दाबलं की सूर चढतो, ढिलं सोडलं की उतरतो. वरातीत डाव्या कानाशी ढोल, उजव्या कानाशी ताशा, मागून ट्रंपेट. कानानं स्वतःचं काही ऐकू येत नाही. सूर कळतो तो दातातून. किती दाबलंय ते दाताला समजतं, आणि माणूस त्या अंदाजावर वाजवतो. म्हणून मी म्हणायचो, माझे कान तोंडात आहेत.

आणि बँडमध्ये पहिला क्लॅरोनेटवाला म्हणजे मास्तर. आमच्याकडे एक रीत होती, माझ्या आधीच्या मास्तरांपासूनची. वाजवायला उभं राहिलं की मास्तर एक सूर धरतो आणि बाकीचे सगळे आपापलं वाद्य त्याला मिळवून घेतात. ट्रंपेटवाला नळी आत-बाहेर सरकवतो, आत गेली की सूर चढतो; दुसरा क्लॅरोनेटवाला सांधे ओढतो. मास्तर कुणाला मिळवून घेत नाही. मास्तरचा सूर तोच सूर. ही रीत मी स्वतः नव्या माणसांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली होती. कुणी वर तोंड करून बोललं तर त्याला मी दिवसभर बोलायचो.

दात गेले आणि मास्तरकी गेली. जळगावच्या एका डॉक्टरनं टाळूला बसणाऱ्या गुलाबी पट्टीवर दोन दात चिकटवलेली कवळी करून दिली. "खायला-बोलायला झकास," म्हणाला. खायला-बोलायला तर मी भाकरी चुरून खाल्ली असती आणि मुका राहिलो असतो. मला वाजवायचं होतं. पहूरच्या वरातीत मी ती कवळी घालून उभा राहिलो. वरच्या सुरावर गेलो, आणि टाळूवरून कवळी सुटून जिभेवर आली. क्लॅरोनेटमधून नुसती किंकाळी निघाली. पोरंसोरं टाळ्या पिटायला लागली, "मास्तरचे दात पडले! मास्तरचे दात पडले!" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी कवळी खिशात घातली आणि उरलेल्या वरातीत नुसतं क्लॅरोनेट तोंडाला लावून चाललो. फुंकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. नाना माणूस गोड बोलणारा, म्हणून मला कधी आवडला नाही. म्हणाले, "मास्तर, तुम्ही घरचेच. तुम्हाला काढून टाकेन होय?" आणि माझ्या हातात खुळखुळा दिला. ज्याला काही येत नाही त्याला बँडमध्ये खुळखुळा देतात. कोट तोच, टोपी तीच, आणि हातात खुळखुळा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी खाणारी तोंडं होती, म्हणून मी तो घेतला. ज्या दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्याला मी बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं, तो पुढे उभा राहून सूर धरायचा आणि मी मागे छुक-छुक. कितीतरी लगीनसराया अशा गेल्या. बायकोशी धड बोललो नाही, भावकीत गेलो नाही. आरशात बघायचंसुद्धा सोडलं. दाढी अंदाजानं करायचो.

बायको हुशार. ती मला समजावायला आली नाही, समजावणं मला सहन होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिचा भाऊ धुळ्याला एसटीत होता. त्यानं कुठून तरी ऐकलं की तिकडे एक नवा डॉक्टर आलाय, तो दात हाडात स्क्रूनं बसवतो. ती एवढंच म्हणाली, "ते हलत नाहीत म्हणे. बघा तुम्ही."

मी म्हटलं, "हाडात स्क्रू? मी काय खुर्ची आहे?"

पण गेलो. एरंडोल, पारोळा करत एसटीनं धुळ्याला गेलो. पैसे कुठून उभे केले ते माझं मला माहीत, त्याचं इथे काही सांगत नाही.

डॉक्टर तरुण, गोरापान, मुंबईहून शिकून आलेला. मी म्हटलं, "मला खायला दात नकोत, वाजवायला पाहिजेत." त्यानं मान डोलावली, पण ऐकलं नाही. डॉक्टर लोक ऐकत नाहीत, ते तोंडात बघत असतात. म्हणाला, "भाऊ, खऱ्या दातापेक्षा घट्ट. ऊस सोला, हाडूक फोडा. चिंताच नको." मी पुन्हा म्हटलं, "क्लॅरोनेट." तो म्हणाला, "अहो, काहीही!" आता वाटतं, तिथेच त्याची गचांडी धरून विचारायला पाहिजे होतं, काहीही म्हणजे काय?

हिरडी कापली, हाडाला भोक पाडलं. त्याच्याकडची नर्स तिकडच्या बोलीत म्हणत राहिली, "भाऊ, घाबरू नका, दुखाव नही." दुखलं नाही तेव्हा. रात्री दुखलं ते असं की मी बायकोला, तिच्या भावाला आणि अख्ख्या धुळ्याला शिव्या दिल्या. स्क्रू बसवून वर हिरडी शिवून टाकली. हाड त्याला धरेपर्यंत महिने जायचे होते, तोवर फुंकायचं नाही, अशी सक्त ताकीद. आणखी एक लगीनसराई खुळखुळ्यात गेली. मग पुन्हा हिरडी उघडून त्यावर दात चढवले. खोटं कशाला बोलू, दात सुरेख होते. डॉक्टर इतका खूश की त्यानं गावातले आणखी दोघेतिघे डॉक्टर बोलावले. ते आले आणि माझा ओठ वर करून करून बघायला लागले, बाजारात बैलाचे दात बघतात तसे. मी सोसलं. म्हटलं, बघा काय बघायचं ते, मला क्लॅरोनेटपाशी जाऊ द्या.

घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि क्लॅरोनेट तोंडाला लावलं. दात हलले नाहीत. चोच त्यांनी पकडली ती पकडलीच. सूर निघाला, वर चढवला, निघाला. मी रडलो, आणि ते बायकोला कळू नये म्हणून आणखी जोरात वाजवलं.

पुढल्या लगीनसराईला मी पुढे उभा राहिलो. नाना गोड हसले, "या मास्तर." दुसरा क्लॅरोनेटवाला मुकाट्यानं मागे गेला. एरंडोलच्या वरातीत मी सूर धरला, सगळ्यांनी मिळवून घेतला आणि बँड सुटला. असं वाजवलं त्या दिवशी, की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर लोक उभे राहिले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या मनात एवढंच, की बघा लेको, पडले होते ना मास्तरचे दात?

पुढचे दोन हंगाम मी बँडवर आसूड ओढला. माझा स्वभाव आधीच तिखट, त्यात इतक्या वर्षांची भडास. कुणाचाही सूर जरा खाली लागला की मी खेकसायचो. आणि मला सगळेच खाली लागायचे. विशेषतः ट्रंपेटवाले आबा. वयानं माझ्यापेक्षा मोठे, एरंडोलकडचे, बोलायला गरीब. "आबा, फुंकायचा जीव नसेल तर घरी बसा," असं मी त्यांना चारचौघांत म्हणायचो. आबा नळी आत सरकवायचे. मी म्हणायचो, "अजून." ते अजून सरकवायचे. मी सूर धरून भुवई उडवायचो, की बरोबर? ते मान डोलवायचे. मग मी पुढे चालू लागायचो.

तेवढ्यात नव्या फॅशनचं खूळ आलं. सगळ्या बँडवाल्यांनी हातगाडीवर भोंगे चढवले आणि कॅसिओ आणला, तो पेटीसारखा बटणांचा बाजा. नानांनीही आणला. तो वाजवायला जळगावातला एक गाण्याच्या शिकवण्या घेणारा माणूस ठरवला. चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट. लगीनसराईच्या आधी नानांच्या अंगणात तालीम होती, सकाळची वेळ. सगळे जमले. मी नेहमीसारखा सूर धरला. सगळ्यांनी मिळवून घेतला. त्या माणसानं कॅसिओचं एक बटण दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही चढे आहात."

मी म्हटलं, "तुमची पेटी उतरली असेल."

"ही पेटी उतरत नाही, मास्तर. विजेवर चालते. ही आहे तिथेच राहते."

"मग बँड काय सगळा चुकीचा वाजतोय? इतकी माणसं?"

तो माणूस भोळा होता, का आगाऊ, मला आजही ठरवता येत नाही. तो म्हणाला, "तुम्ही एकटे चढे आहात. ते तुमच्यासाठी चढलेत."

मी आधी दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्याकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. ढोलवाला ढोलाची दोरी आवळत बसला, ती आवळलेलीच होती. नाना घरात निघून गेले, पाणी सांगायला म्हणे. मग मी आबांकडे वळलो. "आबा, तुमची नळी बाहेर काढा. पहिली होती तिथपर्यंत."

आबा नळी ओढेनात.

"ओढा म्हणतो ना!"

त्यांनी ओढली, आणि नळी निघून त्यांच्या हातात आली. ती कापलेली होती. आत सरकवून सरकवून माझ्या सुरापर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी जळगावात एका पितळेच्या कारागिराकडून आपल्या ट्रंपेटची नळी कापून घेतली होती. स्वतःच्या ट्रंपेटची! ते वाद्य त्यांच्या वडिलांचं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, मला राग आला. असा राग मला त्या असोद्याच्या मामाचाही आला नव्हता. "दोन हंगाम!" मी ओरडलो. "दोन हंगाम तुम्ही मला नाचवलंत! एकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही? कोणी सांगितलं होतं कापायला?"

आबा ट्रंपेट पोटाशी धरून उभे होते. म्हणाले, "मास्तरना सूर तोच सूर. तुम्हीच सांगेल शे ना?"

मी क्लॅरोनेट पेटीत घातलं आणि दुपारची एसटी धरून थेट धुळ्याला गेलो. दवाखान्यात माणसं बसली होती, त्यांच्या पुढे घुसलो. डॉक्टरनं आरसा घालून बघितलं, बोटानं हलवून बघितलं, फोटो काढला. म्हणाला, "भाऊ, एकदम फर्स्ट क्लास. काही बिघडलेलं नाही."

मी म्हटलं, "मला दाब कळत नाही यांनी. किती चावतोय ते समजत नाही."

"हां, ते असं असतं," तो म्हणाला, हवापाणी सांगावं तितक्या सहज. "खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक मऊ पडदा असतो. दाब कळतो तो त्यानं. ह्याला तो नाही, हा थेट हाडात. माणूस थोडं जास्तच दाबतो. पण खाण्यात काही फरक पडत नाही."

"काढा मग."

तो हसला. "अहो, हाडाशी एकजीव झालेत ते. काढायचे तर हाड कोरावं लागेल, आणि मग तिथे काहीच बसणार नाही. कशाला काढायचे इतके छान दात?"

कवळी असती तर तिथेच काढून त्याच्या टेबलावर आपटली असती. हे दात आपटताही येत नाहीत. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण बाहेर बसलेल्या माणसांतले दोघं उठून गेले, हे मी जाताना पाहिलं.

नंतरचे दिवस मी घरी क्लॅरोनेट घेऊन बसायचो. हलकं धर, अजून हलकं धर, असं स्वतःला बजावायचो. हलकं म्हणजे किती? भिंतीला हात न लावता अंधारात चालायचं तसं. बायको चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा मी तिला विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "चांगलं वाटतंय." मी वाटी फेकून मारली भिंतीला. तिनं ती उचलली, धुतली आणि फळीवर ठेवली.

लगीनसराई लागली. पहिली वरात जळगावातच होती. नानांनी मला पुढेच उभं केलं, काढून टाकायची त्यांची छाती नव्हती. गाडीवर भोंगे चढले, चष्मेवाल्यानं कॅसिओ चालू केला. आबा आले होते, ट्रंपेटला नवी लांब नळी बसवून. त्या नव्या पितळेचा रंग जुन्या रंगात मिसळत नव्हता. मी त्यांच्याशी तालमीनंतर बोललो नव्हतो.

कॅसिओवाल्यानं सूर दिला. मास्तर झाल्यापासून पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या सुराला मिळवायला चोच तोंडात घेतली. ढोल घुमत होता, भोंगे किंचाळत होते, मला माझं काही ऐकू येत नव्हतं. मी दाब सोडला. अजून सोडला. मग थोडा धरला. मला वाटलं, आता लागला. चोच तोंडातून न काढता मी आबांकडे बघितलं आणि भुवई उडवली.

आबांनी लगेच मान डोलावली. "बरोबर शे, मास्तर."

मी चोच काढली. "आबा, खरं सांगा. तुम्हाला तुमच्या पोरांची शपथ."

आबांनी माझ्याकडे बघितलं. शेजारी दुसरा क्लॅरोनेटवाला उभा होता, त्यानंही बघितलं. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी कधीच माफ करणार नाही. दोघंही मला भीत नव्हते. मी समजत होतो, दोन हंगाम ते माझ्या धाकानं गप्प बसले; ती कीव होती.

"बरोबर शे," आबा पुन्हा म्हणाले, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसे.

मी क्लॅरोनेट खाली केलं आणि रांगेतून बाजूला झालो. कुणी हाक मारली नाही. दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि वरात सुटली. मी एका पानटपरीपाशी उभा राहून ऐकलं. इतक्या वर्षांत बँड बाहेरून असा मी कधी ऐकला नव्हता. भोंगे, कॅसिओ, क्लॅरोनेट, आबांचं ट्रंपेट, सगळे सुरात होते.